बदली रक्तदाता

६ मार्च २०१२, मंगळवार

ऑफिसात आज एका बाईने दोन तास 'मन मोकळं करा' या विषयावर व्याख्यान झोडलं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक जाड डायरी ठेवली. रोज लिहा म्हणाली, कोणी वाचणार नाही असं समजून लिहा. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत जी माणसं बसतात, त्यांतल्या निम्म्यांना मन असेल की नाही याचीच मला शंका आहे. पण डायरीचा कागद चांगला आहे. फुकट गेलेली गोष्ट मला बघवत नाही.

तर मी अभिनव, टीम लीड. मूळचा अमरावतीकडचा, पण ते बोलण्यातून आता कोणाला कळत नाही, एवढी मेहनत मी घेतली आहे. वाघोलीत फ्लॅट भाड्याने घेऊन राहतो. सोबत समाधान नावाचा वर्ध्याचा एक माणूस आहे. दारू नाही, सिगारेट नाही, रविवारी सकाळी विहारात जातो, आल्यावर पोहे करतो. असल्या माणसाशी काय बोलायचं?

गेल्या आठवड्यात आमचं सॉफ्टवेअर एकदाचं अमेरिकेतल्या ग्राहकाच्या गळ्यात पडलं, म्हणून कंपनीने टीमला गोव्याला नेलं. टेस्टिंगमधली पोरं दोन बिअरमध्येच समुद्रात उलट्या करायला लागली. यांना पिता येत नाही आणि थांबताही येत नाही. आमचा मामा असाच होता, परतवाड्याच्या नाक्यावर गटाराशेजारी सापडायचा. मी सिंगल माल्ट घेतो, तीही बर्फ न घालता.

शनिवारी सकाळी मात्र जाग आली ती माझ्या खोलीत नाही. कुठलंसं लॉज होतं. बेसिनवर केसांचा एक लाल चाप होता आणि आरशाला टिकली चिकटवलेली. बाई नव्हती. टीममधला बद्रीनाथ म्हणतो, मी तिला किनाऱ्यावरच्या शॅकवरून हाताला धरून घेऊन गेलो आणि रस्ताभर माझं पद काय आहे ते तिला समजावत होतो. बद्रीनाथला तिखटमीठ लावायची सवय आहे. मला तिचं नाव आठवत नाही. चेहरासुद्धा अर्धाच आठवतो.

काळजी घेतली असणारच. मी काही अडाणी नाही. निरोधचं पाकीट कायम लॅपटॉपच्या बॅगेत असतं.

१५ मार्च, गुरुवार

ताप. घसा धरलाय. पाठीवर बारीक पुरळ आलंय, आरशात मान वाकडी करून बघितलं. समाधानने न विचारता हळद घातलेलं दूध आणून ठेवलं. या माणसाला कुठल्याही दुखण्यावर हळदच सुचते.

ऑफिसात त्या विषयावर वाचायला गेलो तर पडद्यावर लाल पाटी आली, 'हा विषय कंपनीच्या धोरणात बसत नाही.' तुमच्या धोरणात गोव्याला नेऊन ढोसायला घालणं बसतं, त्याच्या पुढचं वाचणं बसत नाही! मोबाइलवर वाचलं. ताप, घसा, पुरळ, सगळं तिथे होतं. अर्थात हवा बदलली तरी हेच होतं. इंटरनेटवर काय, शिंक आली तरी माणूस मरतो.

रात्री दोन पेग घेतले, घशासाठी.

१८ मार्च, रविवार

लॅपटॉपची बॅग झाडायला काढली. पाकीट आतल्या कप्प्यात होतं. तीनही तशीच, सीलसुद्धा फोडलेलं नाही.

कदाचित तिच्याकडे असेल. असणारच. त्यांचा रोजचा धंदा, त्या काय मूर्ख असतात का?

१९ मार्च, सोमवार

सुट्टी टाकून सरकारी दवाखान्यात गेलो. तपासणी तिथे फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात असं वाचलं होतं. गुप्त कसलं डोंबल! एचआयव्ही केंद्राची पाटी एवढी मोठी की बसमधून जाणाऱ्यालाही वाचता यावी, आणि तिच्याखाली बाकड्यावर ओळीने माणसं बसलेली. पायात स्लिपर, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. मी अंग चोरून उभा राहिलो. तेवढ्यात ओळीतून आवाज आला, "साहेब, तुमी? इकडं कुटं?"

सर्जेराव. आमच्या कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर, वाघोलीचाच. मला रोज सकाळी तोच घेऊन जातो. पांढरा शर्ट घालून, पाय सोडून, एसटीची वाट बघावी तसा निवांत बसला होता.

"मित्राला भेटायला आलोय," मी म्हणालो. "वॉर्डात आहे."

"वॉर्ड तिकडं ऱ्हायला साहेब. हितं तपासणी आन गोळ्या. माजा गोळ्यांचा दिस हाय आज."

हे त्याने असं सांगितलं की जणू रेशन घ्यायला आलाय. आजूबाजूच्या कोणी मानही वर केली नाही. मी वॉर्डाकडे म्हणून निघालो तो सरळ रिक्षात बसलो. मी त्या ओळीत बसायचं? अमेरिकेतल्या ग्राहकाशी रोज बोलणारा माणूस सर्जेरावच्या मांडीला मांडी लावून बसणार?

२१ मार्च, बुधवार

कॅब बदलून घेतली. कारण लिहिलं, 'ड्रायव्हर गाडी बेदरकार चालवतो.' खरं म्हणजे तो रस्त्यातल्या कुत्र्यासाठीही थांबतो. पण त्याच्या गाडीत बसायचं म्हणजे किळस येते. आणि तो माझ्याकडे आरशातून बघणार, ते नकोच.

२५ मार्च, रविवार

समाधान सकाळपासून फोनवर होता. पोहेही नाहीत. शेवटी विचारावं लागलं.

त्याच्या आईचं, कांताबाईंचं, गर्भाशयाचं ऑपरेशन आहे. गाठ आहे, अंगावरून खूप जातं, बाई पार पांढरीफटक पडली आहे. वर्ध्यापेक्षा इथे बरं म्हणून पुण्यात करायचं ठरलंय. रक्तपेढी म्हणते, या गटाची पिशवी शिल्लक नाही, त्याच गटाचा बदली रक्तदाता आणा, त्याची पिशवी राखून ठेवू. गट बी निगेटिव्ह. त्याच्या अख्ख्या गोतावळ्यात कोणाचा नाही.

"माझा आहे," मी म्हणालो.

म्हणालो आणि तेव्हाच डोक्यात लख्ख उजेड पडला. रक्तपेढी आलेली प्रत्येक पिशवी तपासते. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, सगळं. काही निघालं तर बोलावून घेतात. फोन आला नाही तर मी स्वच्छ! ना ती ओळ, ना केंद्रातला समुपदेशक, ना सर्जेराव. वर एका बाईचं भलं होतं. अशी युक्ती त्या बाकड्यावरच्यांपैकी एकाला तरी सुचेल का?

समाधानने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. बायकी माणूस आहे.

२८ मार्च, बुधवार

दिलं. आधी एक कागद भरून घेतात. त्यातले प्रश्न वाचून हसू आलं. 'आपण गेल्या काही महिन्यांत अनोळखी व्यक्तीशी शरीरसंबंध ठेवला आहे काय?' ठेवला असला तर इथे येऊन कोण लिहील? नाही. 'गेल्या चोवीस तासांत मद्यपान?' काल एक बिअर झाली होती. बिअरला मद्य म्हणणारी माणसं गणपतीच्या वर्गणीला भांडवल म्हणत असतील. नाही.

नंतर केळं, ग्लुकोजचं बिस्कीट आणि एक कार्ड. माझं नाव, गट, पिशवीचा क्रमांक.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "कोणाले देलं?" समाधानच्या आईला, म्हणालो. मग म्हणाली, "आपलं रक्त त्याइले कायले देलं रे बाबू?" कुठल्या जमान्यात जगतात ही माणसं! मी तिला चांगलं सुनावलं. रक्ताला जात नसते, सगळ्यांचं रक्त सारखंच असतं, म्हणालो. शेवटी फोन तिनेच ठेवला. मला स्वतःचा अभिमान वाटला, ते इथे लिहायला हरकत नाही.

२ एप्रिल, सोमवार

रक्तपेढीचा फोन नाही. म्हणजे झालं. स्वच्छ.

साजरं करायला एकटाच बसलो. बाटली नवी होती, संपली कशी ते कळलं नाही. हल्ली बाटल्याही लहान काढतात.

कांताबाई आल्या आहेत. आल्या आल्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, म्हणून ऑपरेशन पुढे गेलं, एकवीस तारखेला. तोवर मुक्काम इथेच. म्हणजे आता सकाळी सहाला भांड्यांचे आवाज, दुपारी टीव्हीवरच्या सुना आणि रात्री "जेवला का रे पोट्ट्या?" माझी पिशवी त्यांच्या नावाने पेढीत राखून ठेवली आहे. त्यांनी माझं कार्ड मागून घेतलं आणि हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीपाशी, उदबत्तीच्या घरासमोर नेऊन ठेवलं.

"हे कायले तिथं?" माझ्या तोंडून चक्क घरची बोली निघाली. लाज वाटली.

"माया जीव हाय त्याच्यात," त्या म्हणाल्या. "मंग कुठं ठेवू? फ्रिजवर?"

९ एप्रिल, सोमवार

पूर्णिमाचा फोन. आमचं लग्न मे महिन्यात आहे. ती अमरावतीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मलाही विद्यार्थीच समजते. म्हणे लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेऊ, तिने तिचं केलंय, आता माझं. पत्रिका झाली, गुण जुळले, मामाच्या मानपानाची यादीही झाली, आता रक्तही जुळवायचं!

मी शांतपणे म्हणालो, "मी परवाच रक्तदान केलंय. काही असतं तर त्यांनी कळवलं असतं."

"छान केलंस," ती म्हणाली. "तरी तपासून घे."

"का? विश्वास नाही?"

"अभिनव, माझं मी केलं तेव्हा तुला विश्वासाचं विचारलं का? बाटलीभर रक्त देऊन आलास ना, मग चमचाभर द्यायला काय होतंय?"

या मुलीशी बोलायचं म्हणजे तोंडी परीक्षाच. फोन ठेवल्यावर एक घ्यावा लागला.

आणखी एक कटकट. कांताबाईंनी ओट्याखालच्या रिकाम्या बाटल्या काढून, धुऊन, बाल्कनीत भिंतीपाशी ओळीने मांडून ठेवल्या आहेत. रद्दीवाल्याला द्यायला, म्हणे. मी म्हणालो, मित्र येतात त्यांच्या आहेत. "तुया मित्र मले तं कधी दिसला नाही बापा," म्हणाल्या आणि मेथी निवडत बसल्या. खेड्यातल्या बाईला वीकेंड म्हणजे काय ते कसं समजावणार? आणि ती ओळ बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कशी गेली हेही एक कोडंच आहे. समाधानचीही एखाददुसरी असणार.

१४ एप्रिल, शनिवार

जयंती. समाधान आणि कांताबाई पांढऱ्या कपड्यांत सकाळीच विहारात गेले आणि मलाही ओढून नेलं. मी एक घेऊन गेलो, उन्हाचा त्रास नको म्हणून. कांताबाईंनी मला तिथे भेटेल त्याच्यासमोर उभं केलं. "हा अभिनव. यानं मले रक्त देलं. माया पोटचा नाही, पण आता रक्ताचा हाय." म्हातारे लोक जय भीम म्हणून माझा हात दोन्ही हातांत घेत होते. एका निवृत्त तहसीलदारांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी खीर दोनदा घेतली. मनात म्हटलं, आमच्या आईने हे बघायला हवं होतं.

घरी आल्यावर जरा बसलो. मन भरून आलं होतं.

१५ एप्रिल, रविवार

डोकं ठणकतंय. दहाला पूर्णिमाचा फोन.

"काल जे बोललास ते खरं आहे?"

मी तिला फोन केला होता, हे मला मोबाइलमध्ये बघून कळलं. पाऊण तास बोललो होतो. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. शपथ. विहार आठवतो, खीर आठवते, ग्लास आठवतो. त्यापुढे थेट आज सकाळ.

"कशाबद्दल म्हणतेस?" मी विचारलं.

"तुला आठवत नाही?"

"आठवतं ना. तू सांग, कुठला भाग?"

मग म्हणाली, "लाल चाप."

मी काहीतरी म्हणालो. गंमत, असं म्हणालो बहुतेक. ती रडली नाही. ओरडलीही नाही. वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तू गेलास याचं मला वाईट वाटलंच. पण तुला ते आठवत नाही, आणि तू ते मला सांगितलंस हेही तुला आठवत नाही. मी लग्न कोणाशी करायचं, अभिनव? तू असतोस तरी कधी?"

नाटकी. तिच्या बाबांना ती सांगणार आहे, आज नाही, पण सांगणार आहे. आणि शेवटी म्हणाली, "रक्तदान केलंस म्हणाला होतास. गोव्यानंतर किती दिवसांनी? जाऊन एखाद्या डॉक्टरला विचार ते."

कशाला?

१७ एप्रिल, मंगळवार

कसब्यात गेलो. ऑफिसातलं कोणी तिकडे फिरकत नाही. तांबट आळीच्या पुढे एका बोळात डॉ. सुनीतीबाईंचा दवाखाना आहे, इंटरनेटवर नावही नाही. बाई सत्तरीच्या. समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत होती. ती उचला असं त्यांनी मला बोटाने सांगितलं.

मी सुरुवात केली, "माझा एक मित्र आहे…"

"मित्राला पाठवा मग. तुम्ही कशाला उन्हातान्हात आलात?"

सांगितलं सगळं. बाई लिहीत होत्या, वर बघत नव्हत्या.

"निरोध वापरला होता?"

"वापरला असणार."

"असणार म्हणजे? अहो, मी हवामान खात्याला विचारत नाहीये. वापरला की नाही?"

"आठवत नाही."

"दारू किती घेता?"

"सोशल."

"समाज फार मोठा दिसतोय आपला," बाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळी अकरालाही तोंडाला वास आहे."

उठून जाणार होतो. असल्या भाषेत बोलायला हिला काय अधिकार? पण काम होतं. मी म्हणालो, तशी काळजी नाही, मी गेल्या महिन्यातच रक्त दिलंय, पेढीचा काही फोन नाही, म्हणजे चाचणी स्वच्छच आली. फक्त तसं चिठ्ठीवर लिहून द्या, होणाऱ्या बायकोला दाखवायचंय.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. त्यानंतर त्या टोमणा मारून बोलल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

नवी लागण झाली की सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत दिसत नाही, म्हणाल्या. माणूस बाधित असतो, रक्त बाधित असतं आणि कागदावर स्वच्छ येतं. म्हणून तर तो प्रश्न विचारतात. तीन महिने झाल्यावर खात्रीने सांगता येतं. "तुम्हाला झालंच आहे असं मी म्हणत नाही. नसेलही. पण तुम्ही तपासणी म्हणून दुसऱ्याच्या अंगात जाणारी पिशवी भरून आलात. ती पिशवी कुठे आहे?"

"पेढीत."

"कोणासाठी?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"कार्डावर क्रमांक असेल. आजच फोन करा आणि ती बाजूला काढायला सांगा. फक्त एवढं म्हणा की माझं रक्त वापरू नका. आजच. कळलं का आपल्याला?"

फी पन्नास रुपये. या भावात अपमान मिळतो, हे कसब्यातच.

१८ एप्रिल, बुधवार

फोन केला नाही. विचार करू. ताप केव्हाच गेला, पुरळ गेलं, वजन तेवढंच आहे. शंभरात एकालाही होत नसेल एका वेळेत. म्हातारी डॉक्टर, जुनी पुस्तकं वाचलेली. फोन करायचा तर पेढी समाधानला कळवणार, पिशवी का गेली ते तो विचारणार. मग सगळी सोसायटी, मग ऑफिस, मग अमरावती. तो तहसीलदार. माझी आई. तिला तर आयतंच मिळेल.

आणि पिशवी गेली तर कांताबाईंचं ऑपरेशन पुन्हा पुढे जाणार. त्यांना कालही इतकं गेलं की बाथरूममध्ये भिंत धरून उभ्या होत्या. मग त्यांचं भलं कशात आहे? हाही विचार करायला नको का?

चार पेग. विचार करायला लागले.

१९ एप्रिल, गुरुवार

ऑफिसला गेलो नाही. सकाळी हात कापत होता, चहा बशीत सांडला. दोन घोट घेतल्यावर थांबला. म्हणजे अशक्तपणा असणार. रक्त दिल्याने येतो.

समाधानने संध्याकाळी सांगितलं, शनिवारी सकाळी सातला ऑपरेशन. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिन फार कमी आहे, पिशवी उद्या रात्रीच चढवू. "बरं झालं तुझी होती," तो म्हणाला. "नाहीतर बी निगेटिव्ह कुठून आणलं असतं मी?"

मी मान हलवली. तो पोळ्या लाटायला गेला. आईला उभं राहवत नाही म्हणून हल्ली तोच करतो. माझ्याही.

मला त्याचा राग आला. इतकं चांगलं असायची काय गरज आहे कोणाला?

२० एप्रिल, शुक्रवार

हे मी दवाखान्याच्या आवारात, पायरीवर बसून लिहितोय. अक्षर वाईट येतंय.

सकाळी समाधान ऑफिसला गेला. दोनच घोट घेऊन मी हॉलमध्ये आलो. कांताबाई गादीवर पडून होत्या, बारीक आवाजात टीव्ही चालू होता. मी मूर्तीपाशी गेलो आणि कार्ड उचललं. त्याच्यावर उदबत्तीची राख पडली होती. त्यांनी विचारलं, "काय करून राहिला रे?" आतल्या खोलीत जाऊन फोन करता आला असता, पण तिथे गेलो असतो तर दार लावून घेतलं असतं आणि बाटली तिथेच होती. म्हणून तिथेच उभं राहून नंबर फिरवला.

पेढीतल्या माणसाला क्रमांक वाचून दाखवला. म्हणालो, हे रक्त वापरू नका. माझं आहे. त्याने कारण विचारलं. सांगितलं. गोवा सांगितलं, लॉज सांगितलं, फॉर्मवर खोटं लिहिलं ते सांगितलं. कांताबाईंनी टीव्ही बंद केला होता, त्यामुळे माझा आवाज फार मोठा येत होता. तो माणूस म्हणाला, पिशवी अजून इथेच आहे, आज संध्याकाळी जाणार होती, आत्ता बाजूला काढतो. आणि म्हणाला, "साहेब, आजच तपासणी केंद्रात जा. गाडी चालवू नका. तुमची जीभ जड येतेय."

ज्याने मला कधी बघितलं नाही, त्यालाही फोनवरून कळलं.

फोन ठेवला. कांताबाई उठून बसल्या होत्या.

"मंग ते रक्त मले नाही देत?"

"नाही."

"तुले कधीपासून ठाव होतं?"

"मंगळवारपासून."

खोटं सांगितलं. मला पंचवीस मार्चपासून ठाऊक होतं. हे मात्र मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला, कार्ड घेतलं, पदराने त्याच्यावरची राख पुसली आणि पुन्हा माझ्याच हातात दिलं. मूर्तीकडे नेलं नाही.

"समाधानले मी सांगन. तू नोको सांगू, तुया सांगण्यावर आता कोण भरोसा ठेवन? मंगळवार ते शुक्रवार मी तुये कपडे घडी करत होती रे पोट्ट्या." एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

रिक्षाने आलो. तीच पाटी, तेच बाकडं, त्याच पिशव्या. आणि ओळीत सर्जेराव. अर्थात. महिना झाला होता, गोळ्यांचा दिवस.

"साहेब," तो म्हणाला, "मित्र आजून बरा न्हाई झाला व्हय?"

"मित्र नाही. मीच आलोय."

त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं. ऑफिसात मी नव्या पोरांकडे बघतो तसं.

"माजी गाडी तुमीच बंद केली. म्हाईत हाय मला. म्हैनाभर घरी बसलोय. बेदरकार म्हनं. आजून कुत्रं मारलं न्हाई मी."

"हो," मी म्हणालो. "मीच केली."

मी उभाच राहिलो. दुसरी जागा नव्हती. मग तो पिशवी मांडीवर घेऊन वीतभर सरकला, म्हणून मी बसलो. त्याचा दंड माझ्या दंडाला लागत होता. आतून बाई एकेकाला बोलावत होत्या. थोड्या वेळाने सर्जेरावने नाक मुरडलं, खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्याकडे न बघता पुढे केली.

"बडीशेप खावा. सकाळी सकाळी वास मारताय. आत बाई इचारतील, दारू पेता का म्हनून. तवा तरी खोटं बोलू नगा."

मी सवयीने म्हणणार होतो, दोनच घोट. जिभेवर आलं होतं.

पुडी घेतली, पण फोडली नाही. बाईंना वास येऊ दे. नाव पुकारायला अजून वेळ आहे असं कळलं, म्हणून इथे पायरीवर येऊन हे लिहितोय. सर्जेराव बाकड्यावरून ओरडतोय, माझी जागा जातेय म्हणून.